पेटी रिकामी झाल्यावर फोन करू नका: व्हरोआच्या या चुका टाळा

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. "काका, माशा पेटी सोडून गेल्या." सोडून कुठल्या जातात? मधमाशीच्या अंगावर जगणाऱ्या व्हरोआ नावाच्या कोळ्यानं वसाहत पोखरली, आणि तुम्ही महिनाभर नुसतं मधाकडं बघत होता.

अंगावर किडा दिसेपर्यंत थांबणं, ही पहिली चूक. हा तांबूस, चपटा कोळी जेमतेम दीड मिलिमीटरचा. माशीच्या पोटाच्या पट्ट्यांत शिरून बसतो, आणि त्याची बहुतेक फौज पोळ्याच्या मेणानं बंद केलेल्या घरांत कोषांवर वाढत असते. वरवर दिसायला लागला म्हणजे आत कहर झालेला असतो.

भुदरगडकडच्या एका पोरानं मेलिफेराच्या, म्हणजे परदेशी पाळीव मधमाशीच्या, पेट्या उधारीवर आणल्या. दारापुढं चुरगळल्या पंखांच्या माशा सरपटत होत्या. कुणीतरी सांगितलं, अशक्तपणा आहे, साखरेचा पाक दे. यानं भरपूर पाक दिला. राणी जोमात अंडी घालू लागली, म्हणजे कोळ्यालाही नवी घरं मिळाली. पंख वाकडे करतो तो विषाणू, आणि तो पसरवतो हाच कोळी. त्यावर पाक काय करणार? शेवटी पेटीत मूठभर माशा उरल्या. शेजारच्या मधपाळाच्या माशांनी तिथला मध लुटला आणि मधाबरोबर कोळीही घरी नेला. ज्याचा काही दोष नाही, त्याच्याही पेट्या बसल्या.

माझी सवय सांगतो. पिलाव्याच्या, म्हणजे अंडी-अळ्या-कोष असलेल्या, चौकटीवरून अर्धा कप माशा बरणीत घ्यायच्या, साधारण ३०० भरतात. आधी राणी दुसऱ्या चौकटीवर आहे ना, ते बघायचं. बरणीला जाळीचं झाकण, दोन चमचे पिठीसाखर, घोळवून दोन मिनिटं थांबायचं, मग पाणी घातलेल्या पांढऱ्या ताटात जोरात झाडायचं. ९ कोळी पडले तर १०० माशांमागं ३. माझ्याकडं त्याच आठवड्यात उपचार सुरू होतो. माशा मरत नाहीत, पेटीत परत जातात. एवढं करायचाही ज्यांना कंटाळा, त्यांनी कोंबड्या पाळाव्यात.

दुसरी चूक औषधाच्या बाटलीची. "एका डोसात मुळासकट" म्हणणाऱ्याला दारातनंच परत पाठवा. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदरात हा कोळी सापडला. त्यांनी हजारो पेट्या नष्ट केल्या, तरी सप्टेंबर २०२३ मध्ये निर्मूलनाचा नाद सोडावा लागला. कोळ्यावर वापरतात ते ऑक्झॅलिक आम्ल बंद घरांत पोचत नाही. पिलावा भरलेला असताना वापरून "औषध बोगस" म्हणू नका. दुसरं औषध फॉर्मिक आम्ल, त्याची वाफ आत पोचते, पण पारा ३० अंशांच्या वर गेला की राणी आणि पिलावा दोन्ही धोक्यात. आपल्याकडच्या एप्रिलात त्याला हातही लावू नका. उपचारानंतर पुन्हा मोजायचंच.

मधाच्या हंगामात पेटीत औषधाच्या पट्ट्या लावू नका. मुदत संपली की काढा. वर्षभर लोंबकळत ठेवल्या की कोळी औषधाला सरावतो.

नर माशांची घरं बांधून घ्यायची चौकट घालून विसरू नका. कोळ्याला नरांची घरं जास्त आवडतात, म्हणून ती बंद झाली की कापून काढायची. राहिली तर तुम्हीच कोळी पाळला.

पाटगावकडच्या सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, पाळणाऱ्यांनी मेलिफेराचं औषध बघून घाबरून ओतू नये. सातेरी एकमेकींच्या अंगावरचा कोळी काढते, आणि तिच्याकडं तो जवळपास नरांच्या घरांतच वाढतो.

चौकट ताटावर आपटल्यावर लांबट, भराभर पळणारा किडा पडला तर तो व्हरोआ नव्हे, ट्रोपिलेलॅप्स नावाचा दुसरा कोळी. मुळात आग्या माशीवरचा. पिलाव्याशिवाय तो काही दिवसांतच मरतो, म्हणून नवी अंडी पडू नयेत यासाठी राणीला तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवा.