कोब्याखालची पोकळी: फोडायच्या आधी हे करून पाहा

बंगल्याच्या ओट्यालगतचा कोबा चार-पाच पावसाळ्यांनंतर पोकळ वाजू लागतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं. पायाच्या चरात माती नुसती लोटलेली असते, थराथराने धुम्मस केलेली, म्हणजे ठोकून घट्ट बसवलेली नसते. छताच्या पाइपाचं पाणी तिथेच पडतं, भराव खाली बसतो आणि वरचा कोबा अधांतरी राहतो. घुशींची बिळं असतील तर हे आणखी लवकर होतं.

अशा वेळी 'वरून दोन इंच काँक्रीट टाका' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. त्याने फक्त वजन वाढतं. दाराच्या चौकटीत भरायचा फोमही इथे नको, तो भार घेणारा नाही.

हातोड्याने ठोकत जा आणि ढबढब वाजेल तेवढ्या भागाला खडूने रेघ मारा. कोबा पायाखाली डुलत असेल, तुकडे झाले असतील किंवा इंचापेक्षा जास्त खचला असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. कोबा फोडा, मुरूम टाकून सहा-सहा इंचांच्या थरांत धुम्मस करा आणि नवा घाला. खालून ड्रेनेजची लाइन गळत असेल तर आधी ती दुरुस्त करा. केबल आणि नळ कुठून गेलेत हे कळल्याशिवाय ड्रिल लावू नका.

कोबा शाबूत असेल तर त्याला भोकं पाडून खालची पोकळी सिमेंट-रेतीच्या सरसरीत मालाने भरायची. साधारण तीन-तीन फुटांवर 40 मिलिमीटरची भोकं पाडा. वाकवलेली तार आत घालून खोली मोजा. 3 मीटर बाय 2 मीटर भागाखाली सरासरी 5 सेंटिमीटर पोकळी असेल तर 300 लिटर माल लागतो. 1 भाग सिमेंट आणि 3 भाग चाळलेली बारीक रेती धरली, तर सिमेंटची जवळपास तीन पोती. एक पोतं जास्तीचं आणून ठेवा, बिळं माल खातात. कडेच्या फटी घट्ट मसाल्याने बुजवा.

आता माल ओतणं. माझी पहिली दोन कामं इथेच फसली.

पहिल्या वेळी माल पुढे सरकेना म्हणून मी पाणी वाढवत गेलो. ओतताना तो सुरेख पळाला. पण आत सिमेंट-रेती खाली बसली, पाणी वर आलं आणि कोब्याखाली बोटभर फट तशीच राहिली. माल धिरड्याच्या पिठासारखा सरसरीत हवा. फळीवर ओतून पाहा, कडेला नुसतं पाणी सुटलं तर तो बिघडलाय. जास्त पातळ हवा असेल तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन) वापरा, डब्यावर दिलेल्या प्रमाणातच. आतली माती आदल्या दिवशी भिजवा. कोरडी माती मालातलं पाणी शोषते आणि माल वाटेतच अडतो. मात्र आत पाणी साचलेलं नको.

दुसऱ्या वेळी जोर मिळावा म्हणून नरसाळ्याला मीटरभर उंच नळी लावली. कोबा उचलला गेला आणि तिरकी चीर पडली. हिशोब आधी करायला हवा होता. 10 सेंटिमीटर जाड कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे 240 किलो, आणि मीटरभर उंच मालाचा दाब तेवढ्याच जागेवर दोन टनांच्या आसपास! म्हणून नरसाळं थेट भोकावर ठेवा, नळी लावूच नका. माल पुढे जात नसेल तर तार हलवा, नाहीतर मध्ये आणखी एक भोक पाडा.

सुरुवात उताराच्या खालच्या टोकाकडून, म्हणजे बाहेरच्या कडेने करा आणि ओट्याकडे सरका. आतली हवा वरच्या बाजूला जाते, तिला बाहेर पडायला पुढची भोकं उघडीच हवीत. शेजारच्या भोकात माल वर आलेला डोळ्यांनी दिसला, की आधीच्या भोकात लाकडी खुंटी ठोका आणि पुढच्यावर जा. हे काम अर्ध्यावर सोडून जेवायला जाऊ नका. तासाभराने खुंट्या काढून पाहा. माल हमखास थोडा बसलेला असतो, तेवढी भर घाला.

दुसऱ्या दिवशी भोकांची तोंडं इंचभर कोरून घट्ट मसाल्याने बंद करा आणि सात दिवस ओलं गोणपाट टाका. तोवर गाडी आणू नका.

महिन्याने पुन्हा ठोकून पाहा. आणि छताचा पाइप त्याआधीच वाढवून कोब्याच्या पलीकडे न्या, नाहीतर कडेची माती पुन्हा वाहून जाईल.