बुद्धिबळाचे नवे प्रकार, पेटंट आणि इंजिन : या चुका टाळा

बुद्धिबळाचा वेगळा प्रकार खेळणारे इंजिन (चाली शोधणारा संगणक प्रोग्राम) लिहिणाऱ्याला ‘या खेळाचे पेटंट आहे’ असा इशारा मिळाला, की तो एक तर घाबरून तो प्रकारच वगळतो किंवा इशारा केराच्या टोपलीत टाकतो. दोन्ही वेळा चूक एकच असते, ती म्हणजे पेटंटमधील दावे, म्हणजे नेमके कशावर हक्क सांगितला आहे ते नोंदवणारी विधाने, न वाचणे.

गॉथिक चेस या बुद्धिबळाच्या प्रकाराला अमेरिकेत 2002 साली पेटंट मिळाले, तेव्हा त्यातील चान्सेलर (हत्ती अधिक घोडा) आणि आर्चबिशप (उंट अधिक घोडा) ही मोहरीच पेटंटधारकाची आहेत, असे समजणे सोपे होते. प्रत्यक्षात अशी मोहरी सतराव्या शतकात पिएत्रो करेरा यांनी, 1874 मध्ये हेन्री बर्ड यांनी आणि 1920 च्या दशकात विश्वविजेते कापाब्लांका यांनी आपापल्या मांडणीत वापरली होती; गॉथिक चेसचे वेगळेपण होते ते दहा बाय आठ घरांच्या पटावरील सुरुवातीच्या मांडणीत. एखाद्या दाव्यातील प्रत्येक घटक तुमच्या प्रोग्राममध्ये उतरला असेल, तरच त्या दाव्याचा भंग होतो, त्यामुळे तुलना खेळाच्या नावाशी न करता दाव्यातील शब्दांशी करावी.

मंजूर झालेले पेटंट आजही जिवंत आहे असे धरून चालणे, ही दुसरी चूक. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी शुल्क भरावे लागते आणि ते चुकले, तर सहा महिन्यांच्या सवलतीनंतर पेटंट संपते. गॉथिक चेसचे पेटंट असेच 2006 मध्ये संपले. माजी विश्वविजेते बॉबी फिशर यांच्या बुद्धिबळाच्या घड्याळाचे 1989 चे पेटंटही शुल्काअभावीच मुदतीपूर्वी गेले, हे मला जरा गमतीचे वाटते.

देशाची सीमा विसरू नये. युरोपीय पेटंट कराराचे कलम 52 आणि भारतीय कायद्याचे कलम 3(m) निव्वळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंट नाकारतात; अमेरिकेतही अमूर्त कल्पना केवळ संगणकावर राबवल्याने पेटंटयोग्य होत नाही, असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या ॲलिस निकालानंतर ही वाट अरुंद झाली आहे.

कॉपीराइटचा वाद मात्र वेगळा ओळखावा. स्टॉकफिश या मुक्त इंजिनाच्या लेखकांनी 2021 मध्ये चेसबेस या बुद्धिबळ सॉफ्टवेअर कंपनीवर केलेला खटला कोडच्या जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरच्या) परवान्याचा होता, पेटंटचा नव्हे. म्हणून नोटीस आल्यास आधी पेटंट क्रमांक, देश आणि नेमका दावा क्रमांक लेखी मागावा, आणि उत्तर येईपर्यंत कोडमधील एकही ओळ घाईने काढू नये.