हिमस्खलनाचा अंदाज घेताना या चुका टाळा

सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरला नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात. घाटमाथ्यावरून कोकणात उतरायचं तर नाळेतून, ही आपली जुनी सवय. हिवाळ्यात काश्मीरमध्ये गुलमर्गच्या अफरवट शिखरावर हीच सवय अंगाशी येते. वरून सुटलेला बर्फ नाळेतच येऊन साचतो. मोकळ्या उतारावर जो पसरून गुडघाभर राहिला असता, तो इथे माणसाच्या डोक्यावरून जातो. वाट काढायची ती धारेवरून, नाहीतर दाट झाडीच्या सौम्य उतारावरून.

दुसरी चूक म्हणजे आभाळ बघून बेत ठरवणं. दोन दिवस बर्फ पडला, तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन, की सगळे बाहेर. नेमका हाच दिवस घातकी, कारण नव्या बर्फाचं ओझं खालचे थर अजून पेलत असतात. शिवाय बर्फ पडायचा थांबला तरी वारा थांबत नाही. तो धारेच्या एका बाजूचा बर्फ खरवडून दुसऱ्या बाजूला रचतो, आणि तीच गुबगुबीत बाजू स्कीइंगसाठी खुणावते. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा पावलापासून भेग पळत गेली, तर चर्चा नको. आल्या वाटेने मागे.

उतार नजरेने मोजू नका. बर्फाची अख्खी लादी सुटून घसरते ती बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. काठी उताराच्या दिशेने, वरून खाली अशी, बर्फावर टाकून तिच्यावर फोन ठेवा, कोन कळतो. मात्र तुम्ही २० अंशांवर उभे आहात आणि डोक्यावर ३८ अंशांचा उतार आहे, तर तुमचे २० काही कामाचे नाहीत. खालून चालणाऱ्याच्या वजनानेही वरची लादी सुटू शकते.

हिमस्खलनाच्या इशाऱ्याच्या पाच पायऱ्या असतात. आपल्याकडे ‘डीजीआरई’ ही संरक्षण खात्याची संस्था इशारे देते. इथे आपलं शाळकरी डोकं घात करतं. पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, फर्स्ट क्लास! पण तिसऱ्या पायरीचा अर्थ असा, की एकट्या माणसाच्या वजनानेही हिमस्खलन होण्याची चांगलीच शक्यता आहे. अफरवटच्या उतारांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात दगावले. पुढच्याच फेब्रुवारीत तिथल्याच खिलनमर्गला एक रशियन.

बर्फ कमी, म्हणून धोका कमी, असंही नाही. पातळ थर आणि कडाक्याची थंडी असली की तळाचा बर्फ साखरेसारखा सुटा, रवाळ होतो. त्यावर नवी लादी बसते ती जणू बेअरिंगवर. तपासायचं तर खड्डा खणून फावड्याने बर्फाचा ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा खांब कापा, माथ्यावर फावड्याचं पातं ठेवा आणि थापट्या मारा: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. सुरुवातीच्या थापट्यांतच थर सपकन सरकला तर घरी जा. सरकला नाही, तर फक्त त्या खड्ड्यापुरतं कळलं. सोयीच्या सपाट जागी खणून, पलीकडच्या बाजूच्या उताराबद्दल निकाल देणारे मी पाहिलेत.

आता ट्रान्सिव्हर, म्हणजे बर्फाखाली गाडलेला माणूस सापडावा म्हणून प्रत्येकाने अंगावर बाळगायचं सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र. सगळ्यांकडे असतो, वापरता किती जणांना येतो? त्यात चार्जिंगचे सेल घालू नका, शिल्लक चार्ज चुकीचा दिसतो. कंपनीने सांगितलेलेच घाला. शोधताना त्यावरचा अंतराचा आकडा उड्या मारू लागला तर आधी स्वतःचा खिसा तपासा. फोन, गोप्रो, गरम होणारे हातमोजे सिग्नल बिघडवतात. शोधताना ते किमान अर्धा मीटर लांब हवेत. बर्फात खुपसून माणूस चाचपायची सळई आणि फावडं प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवं, कारण गाडल्या गेलेल्यासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटंच हाताशी असतात आणि तेवढ्यात बाहेरची मदत पोचत नाही.

सरावाला बर्फ लागत नाही. आम्ही पुण्यात सोसायटीच्या बागेतल्या पालापाचोळ्याच्या ढिगात ट्रान्सिव्हर पुरून शोधतो. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं लागली. वॉचमन दोनदा विचारून गेला, काय हरवलंय म्हणून.