ट्रकचा कूलंट: पातळीइतकीच ताकदही बघा

टाकीतली पातळी खुणेपर्यंत आहे म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ठीक आहे, असं नाही. बऱ्याच मोठ्या डिझेल इंजिनांत वेट लायनर असतात, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या (लायनरच्या) बाहेरून थेट कूलंट फिरतो. पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर थरथरतो, बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूला टाचणीएवढी भोकं पडत जातात. हे थांबवतात कूलंटमधली संरक्षक रसायनं. ती हळूहळू संपतात, आणि रंग मात्र तसाच राहतो! त्यामुळे रंगावर जाऊ नका. नायट्राइट (यातलंच एक रसायन) असलेल्या कूलंटची टेस्ट स्ट्रिप मिळते; दर सर्व्हिसिंगला ती बुडवून बघा. कमी निघालं तरच ॲडिटिव्ह (ही रसायनं असलेली भर) घाला, जास्त झालं तर गाळ धरतो.

टॉप-अप नुसत्या पाण्याने करणं ही सर्रास सवय, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी. मिश्रण पातळ होतं, बोअरच्या पाण्याने क्षार साचतात. कूलंट आणि डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी निम्मं-निम्मं, हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालतं. साधारण उणे ३७ अंशांपर्यंत ते गोठत नाही. प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबभर मिश्रणावरून प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) कळतं. निव्वळ कूलंट ओतूनही फायदा नाही, तो उष्णता कमी वाहून नेतो. वेगवेगळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नका.

कॅप इंजिन गार झाल्यावरच उघडायची. आणि पातळी वारंवार घटत असेल तर भरत बसण्याआधी गळती शोधा: होस, वॉटर पंप, हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील).