जुन्या कॅसेटी लाइन-इनवरून संगणकात उतरवताना

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या ज्या मराठी घरांत खासगी बैठकींच्या किंवा गणेशोत्सवातल्या गायनाच्या कॅसेटी जपून ठेवलेल्या असतील, त्यांनी टेपरेकॉर्डर चालू आहे तोवर त्या संगणकात उतरवून घ्याव्यात, कारण अशा ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. संगणकातील ध्वनीच्या सेटिंग्ज मात्र बोलण्याच्या सोयीने ठरवलेल्या असतात. गाण्यासाठी त्या मुद्दाम बदलाव्या लागतात.

डेस्कटॉपच्या मागे निळा जॅक लाइन-इनचा (बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घेण्याचा), गुलाबी माइकचा आणि हिरवा स्पीकरचा असतो. टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउटमधून येणारी लाल-पांढरी आरसीए केबल 3.5 मिमीच्या स्टिरिओ पिनेने निळ्या जॅकमध्येच लावावी. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि लाइनचा साधारण 0.3 व्होल्टचा, म्हणून गुलाबी जॅकमध्ये तोच आवाज फाटतो. लॅपटॉपला बहुधा लाइन-इन नसतेच. तिथे लाइन इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावा.

विंडोज 11 मध्ये घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘साउंड सेटिंग्ज’ आणि तेथून ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ उघडावे. ‘रेकॉर्डिंग’ या टॅबमध्ये लाइन-इन दिसत नसेल, तर मोकळ्या जागी राइट क्लिक करून ‘शो डिसेबल्ड डिव्हाइसेस’ निवडावे व लाइन-इन एनेबल करावे. तरीही आवाज येत नसेल, तर प्रायव्हसीमधील मायक्रोफोनची परवानगी तपासावी. ती बंद असल्यास लाइन-इनही मुके राहते.

यानंतरची पायरी बहुतेकांकडून राहते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. लाइन-इनच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सर्व ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करावीत. त्यांतली आवाजातील गोंगाट कमी करणारी सोय एकसारखा चालू राहणारा ध्वनी म्हणजे पंख्याची घरघर असे धरून चालते, आणि तानपुरा तर अखंड वाजत असतो. परिणामी गायक श्वास घेतो तिथे तानपुरा बुडतो, आणि पुढचा स्वर लागताच तो पुन्हा वर येतो. असा खराब झालेला भाग नंतर दुरुस्त करता येत नाही.

पातळी ठरवताना कॅसेटमधला सर्वांत जोरकस भाग, द्रुत ख्यालातली तान किंवा तबल्याची सम, वाजवून पाहावा. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये लाइन-इन व स्टिरिओ निवडून लाइन-इनच्या प्रॉपर्टीजमधील ‘लेव्हल्स’ची पट्टी अशी ठेवावी की मीटर उणे 6 डेसिबलच्या आसपास टेकेल, शून्याला कधीच लागू नये. मागे घूं असा आवाज येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ध्वनिमुद्रण करून पाहावे.

फाइल 44,100 हर्ट्झ, 16 बिट, वेव्ह स्वरूपात ठेवावी. मिनिटाला सुमारे 10 एमबी जागा लागते, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला साधारण 600 एमबी. कॅसेटची खरखर काढायची असल्यास ती या फाइलच्या प्रतीवर काढावी, मूळ फाइलला हात लावू नये.