मिथेनचा आकडा वाचण्याआधी वारा बघा

इंदूरच्या देवगुराडियातला कचऱ्याचा जुना डोंगर उपसून संपला. मी लक्ष ठेवते त्या लहान गावात मात्र तो अजून उभा आहे. लोकमान्य नगरातल्या माझ्या घरी दर पंधरा मिनिटांनी तिथल्या कुजणाऱ्या कचऱ्यातून सुटणाऱ्या मिथेन वायूचा आकडा येतो. वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट तापवतो, म्हणून हे काम मन लावून करा.

सेन्सर लेसरचा घ्या. स्वस्तातला सेमीकंडक्टरचा पावसाळी दमट हवेत उगाच चढतो. सेन्सरच्या पेट्या दोन लावा, डोंगराच्या समोरासमोरच्या बाजूंना; सोबत वाऱ्याची दिशा, वेग आणि हवेचा दाब मोजायची सोय हवीच. वारा जिकडून येतो तिकडच्या पेटीचा आकडा पलीकडच्या आकड्यातून वजा करा. उरेल तो डोंगराचा. पावसाळ्यात आणि थंडीत वारा बाजू बदलतो, त्यामुळे कुठली पेटी कुठल्यातून वजा करायची हे रोज नव्याने ठरवायचं. पहाटे वारा पडला की गॅस जमिनीलगत साचतो आणि उत्सर्जन न वाढताही आकडा चढतो.

दाबाचं मी चुकून शिकले. पावसाळ्यातल्या एका रात्री आकडा तिपटीवर गेला. गॅसचा पाइप फुटला असं समजून मी चौकीदारकाकांना उठवलं. भर पावसात, टॉर्च घेऊन ते निसरड्या उतारावर फिरले. काहीच फुटलेलं नव्हतं. सकाळी आलेख पाहिला तर वादळाआधी हवेचा दाब झपाट्याने उतरला होता. बाहेरचा दाब उतरला की आतला गॅस भेगांतून जोराने सुटतो. काका पाय घसरून पडले असते, हे मला अजून सलतं. आता मागच्या सहा तासांचा दाब पाहिल्याशिवाय मी कुणालाही फोन करत नाही, आणि रात्री तर डोंगरावर कुणालाच पाठवत नाही.

उपग्रहावर फार विसंबू नका. सेंटिनेल-5पीचा मिथेनचा एक ठिपका साधारण 5.5 बाय 7 किलोमीटरचा असतो. लहान गावाचा डोंगर त्यात विरून जातो.

वायर लोखंडी नळीतून न्या, नाहीतर उंदीर कुरतडतात. सेन्सरच्या काचेवर धूळ आणि माश्यांची घाण बसते. आठवड्याला मऊ कापडाने पुसून घ्या. आणि एक खूण लक्षात ठेवा: स्वच्छ हवेतही मिथेन सुमारे 1.9 पीपीएम (दहा लाख भागांत 1.9 भाग) असतोच. पेटी 1.2 दाखवू लागली तर हवा सुधारलेली नाही, यंत्राचं माप सरकलंय. त्या दिवसापासूनचे आकडे बाजूला ठेवा आणि पेटी कॅलिब्रेशनला, म्हणजे माप पुन्हा जुळवून घ्यायला, पाठवा.