रोमचा काचो ए पेपे घरी करताय? गुठळ्या होऊ नयेत म्हणून या चुका टाळा

काचो ए पेपे या रोमच्या पास्त्याला जिन्नस तीनच लागतात: स्पॅगेटी किंवा तोन्नारेल्लीसारखा लांब पास्ता, पेकोरिनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचं कडक चीज आणि काळी मिरी. तेल, लोणी, क्रीम, लसूण, ऑरेगॅनो यातलं काहीही नाही. यादी एवढी छोटी बघून पास्ता शिकायला अनेकजण याच पदार्थापासून सुरुवात करतात आणि हमखास फसतात. खाली पाणी, वर चीजचे चिवट गोळे! मग दोष पेकोरिनोला दिला जातो किंवा पुढच्या वेळी गुपचूप क्रीम घातलं जातं. खरी कारणं बहुतेक वेळा दोनच असतात, आच आणि पास्ता शिजताना पाण्यात उतरणारा स्टार्च.

गॅस चालू ठेवून चीज घालणं

सगळा घोळ इथेच होतो. चीज तापलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटून आक्रसतात आणि पाणी व स्निग्धांश बाहेर टाकतात. एकदा तारा सुटल्या की ढवळत राहून काही उपयोग नसतो, उलट गोळा आणखी घट्ट होतो. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने २०२५ मध्ये यावर रीतसर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्या वर्षीचं भौतिकशास्त्राचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं) पारितोषिकही मिळवलं. स्टार्च कमी असेल तर साधारण ६५ अंश सेल्सियसच्या पुढे गुठळ्या धरतात आणि चीजच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च असेल तर सॉस टिकतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. स्टार्च प्रथिनांच्या मध्ये येतो आणि त्यांना एकत्र गोळा होऊ देत नाही.

म्हणून गॅस बंद करा, पॅन शेगडीवरून उतरवा, मिनिटभर थांबा आणि मगच चीज घाला. तेही कोरडं भुरभुरू नका. किसलेलं चीज वाडग्यात घेऊन त्यात कोमट झालेलं पास्त्याचं पाणी चमच्या-चमच्याने घालत दाटसर पेस्ट करा आणि ती पास्त्यावर ओता. मग एका हाताने पॅन हलवत, दुसऱ्या हाताने चिमट्याने पास्ता उलथापालथा करत राहा. अर्ध्या मिनिटात पाणी आणि चीज एकजीव होऊन स्पॅगेटीच्या प्रत्येक काडीवर तुकतुकीत लेप बसलेला दिसेल.

भांडंभर पाणी आणि मूठभर मीठ

इटलीत एक हिशोब सांगतात: १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. एरवी तो उत्तम आहे, पण इथे दोन्ही बाजूंनी नडतो. पेकोरिनो मुळातच खारट असतं आणि एवढ्या पाण्यात स्टार्च फारच पातळ होतो. दोघांसाठी २०० ग्रॅम स्पॅगेटी असेल तर पसरट भांड्यात दीड लिटर पाणी पुरतं आणि मीठ लिटरला एक लहान चमचा. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता बाहेर काढा. काडी तोडून बघितली तर मधोमध बारीक पांढरा ठिपका दिसायला हवा. उरलेलं शिजणं, मिरी परतून पाणी घातलेल्या पॅनमध्ये (कृती खाली) होतं. पाणी ओतून देऊ नका आणि पास्ता नळाखाली मुळीच धुऊ नका, कारण हवा असलेला स्टार्च त्यातच असतो.

घरच्या पाण्याचा भरवसा नसेल तर कॉर्नफ्लॉवरची मदत घ्यायला काहीच हरकत नाही. त्या शास्त्रज्ञांचाही सल्ला तोच आहे. दोघांच्या १२० ग्रॅम चीजला ३ ग्रॅम, म्हणजे लहान चमचा सपाट भरून कॉर्नफ्लॉवर, तीन-चार मोठे चमचे पाण्यात कालवून पारदर्शक होईपर्यंत गरम करा. कोमट झाल्यावर त्यात चीज फेटा. पहिल्यांदा करणाऱ्याने हाच मार्ग धरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पास्ता घेताना पाकिटावर ड्युरम (कडक जातीच्या) गव्हाचा रवा लिहिलंय का, तेवढं बघा. इटलीत सुक्या पास्त्यासाठी ड्युरमच वापरायचा, असा १९६७ पासून कायदा आहे. मैद्याचा पास्ता दोन मिनिटं जास्त राहिला की लगदा होतो.

मिरीची पूड वापरणं

या पदार्थात मिरी नुसती चव देत नाही, ती निम्मा पदार्थ आहे. कोकणातल्या बागेतली मिरी मिळत असेल तर तीच घ्या. दीड चमचा दाणे खलबत्त्यात भरड कुटा, कोरड्या पॅनमध्ये मंद आचेवर वास सुटेपर्यंत परता आणि लगेच पळीभर पास्त्याचं पाणी घाला. जळली तर कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही.

चीजची तडजोड

पिझ्झावरचं मोझरेला इथे चालत नाही, त्याचा गुणच तार सुटण्याचा आहे. तयार किसलेल्या पाकिटातही किस मोकळा राहावा म्हणून बरेचदा सेल्युलोजसारखे पदार्थ असतात, त्याने सॉस रवाळ होतो. अख्खा तुकडा घ्या आणि किसणीच्या सगळ्यात बारीक बाजूने पिठासारखा किसा. पेकोरिनो महाग वाटलं किंवा फार उग्र लागलं तर निम्मं पार्मेझान घाला. चव सौम्य होते, पण पदार्थ जमतो.

घरात कुणी कटाक्षाने शाकाहारी असेल तर हे आधी सांगायला हवं: पेकोरिनो रोमानो कोकराच्या आणि पार्मिजानो रेज्जानो (अस्सल पार्मेझान) वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या एन्झाइमने, विरजतात. मायक्रोबियल (सूक्ष्मजीवांपासूनचं) रेनेट लिहिलेलं, मुरवलेलं कडक चीज भारतात मिळतं, ते वापरा. चव वेगळी येईल, पण कृती हीच राहते.

बिघडलंच तर

सॉस पातळ वाटला तर गॅस लावू नका. मिनिटभर हलवत राहा, निवताना तो आपोआप दाटतो. फार घट्ट झाला तर गरम पाण्याचा एखादा चमचा पुरे. बारीक गुठळ्या दिसल्या तर पास्ता बाजूला काढा, सॉस दोन चमचे पास्त्याच्या पाण्याबरोबर मिक्सरमधून फिरवा आणि गाळून परत घाला. चिवट गोळा झाला असेल तर मात्र तो काढून टाका आणि थोडं चीज नव्याने कालवा.

पाहुणे आठ असतील तर हा बेत ठरवूच नका. मोठ्या पातेल्यात उष्णता आवरत नाही आणि पहिलं ताट वाढेपर्यंत शेवटचं आळतं. दोघा-तिघांसाठी करा, ताटल्या गरम पाण्याने धुऊन पुसून ठेवा, सगळे जेवायला बसले की मगच चीज घाला. उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर सॉस फुटतो. अंडं चालत असेल तर नेपल्सच्या पद्धतीने फेटलेल्या अंड्यांत कालवून तव्यावर फ्रिताता, म्हणजे जाडसर ऑम्लेट, करा, दोन्ही बाजूंनी खरपूस.